सातपासून पुढे

बस चौकात वळली तेव्हा त्याच्या उजव्या हाताचा अंगठा अनामिकेच्या टोकाच्या पेरावर येऊन थांबला होता, आणि पुढे सरकायला आकडा उरला नव्हता. डोक्यात अजून काहीच आलं नव्हतं. खिशात किल्ली नाही हे हाताला आधी कळतं आणि माणसाला नंतर, तसं ते अंगठ्याला आधी कळलं. अंगठा तिथेच दाबून तो बसून राहिला. शेजारच्या बाईची पिशवी त्याच्या गुडघ्याला घासत होती, खिडकीची सैल काच थरथरत होती, पुढे कोणीतरी थांबा चुकल्याबद्दल ड्रायव्हरशी हुज्जत घालत होतं. तसं पाहिलं तर तो काही मोजत नव्हता. जेवण छान झालं होतं, चार माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्या आनंदात एखादी चाल गुणगुणावी तसा तो तो आकडा बोटांवर वाजवत होता. एकला एक पेर, पुन्हा एकला एक, नवाला नऊ, साताला सात, पाचाला पाच, शून्याला नुसतं थांबायचं, चाराला चार, पुन्हा थांबायचं, शेवटी तिनाला तीन. अकरा कोटी सत्त्याण्णव लाख पन्नास हजार चारशे तीन. करंगळीच्या तळापासून निघून अंगठा चारही बोटांवरून दोनदा फिरला, तिसऱ्या फेरीत करंगळी संपली, अनामिका संपली, आणि नेमका तिथेच आकडा संपला. बोटाला पेरं तीन असतात. आकडा बोटाच्या मध्ये कुठेतरी संपायला हवा होता. तो टोकावर संपला.

तीस. आकड्यांची बेरीज तीस. बेरजेला तिनाने भाग जात असेल तर संख्येलाही जातो. हे शिकवावं लागत नाही, गोवरासारखं ते प्रत्येक मुलाला एकदा होऊन जातं. आणि तासाभरापूर्वी हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, हातातला रुमाल चुरगाळत, त्याने उभं राहून सांगितलं होतं की या संख्येला कशानेही भाग जात नाही. ही मूळ संख्या आहे. मी स्वतः तपासली आहे. ‘मी स्वतः’ हे शब्द त्याने खरंच वापरले होते का? वापरले होते. सहसा तो वाक्य पुरं करत नसे, कार्यालयात त्याला अपूर्णांक म्हणत ते उगाच नाही. पण हे वाक्य त्याने पुरं केलं होतं, पूर्णविरामासकट. त्याच्या कानांच्या पाळ्या तापायला लागल्या. समोरच्या बाकावरचा माणूस वर्तमानपत्राच्या कडेवरून आपल्याकडे पाहतो आहे असं त्याला वाटलं, आणि त्यानेही आता बेरीज करून टाकली असेल असं वाटून तो खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर एका दुकानाची पाटी रंगवणं चालू होतं. शिडीवरचा माणूस एक अक्षर रंगवून मागे झुकून बघत होता. मागे झुकून बघावं, एवढीही अक्कल आपल्याला नसावी.

ज्या कार्यालयात त्याची सगळी नोकरी झाली तिथे संख्यांची कोष्टकं तयार होत. कोणत्या संख्येला कशाने भाग जातो आणि कोणत्या संख्येला कशानेच जात नाही, याचे जाडजूड खंड. यंत्रं आली आणि ते खंड वजनाने भारी पण उपयोगाने हलके होऊन बसले, तो भाग वेगळा. तेव्हा मात्र ते काम गंभीर होतं. दोन खोल्या होत्या. पहिलीला ‘चाळण’ म्हणत. छापून आलेले आकड्यांचे लांबच लांब तक्ते आधी तिथे जात, आणि दोनाने, तिनाने, पाचाने भाग जाणाऱ्या संख्या तिथेच खोडल्या जात. दोन आणि पाच काही नाही, शेपटावरून ओळखता येतात. तिनाला मात्र संख्येचं सगळं अंग चाचपावं लागतं, एकेक आकडा मिळवत जावं लागतं. ते करणारी जी होती तिला सगळे चाळणबाई म्हणत. मग तिने खोडलेले, भोकाभोकांचे झालेले तक्ते दुसऱ्या खोलीत येत. तिथे सात, अकरा, तेरा, सतरा अशी खरी भागाभागी चाले. ‘खरी’ हा शब्द दुसऱ्या खोलीतला. तिथे म्हणतच असत, ‘काम सातपासून सुरू होतं.’ नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी हेच सांगत. त्यालाही असंच सांगितलं होतं. त्याने ते कधी कोणाला सांगितलं नाही, कारण तो कोणाला काही सांगतच नसे. पण त्याच्या हाताने ते ऐकलं होतं. समोर संख्या आली की त्याचा हात सात लिहायचा. निवृत्तीनंतरही. भाजीवाल्याच्या गाडीचा नंबर असो, औषधाच्या खोक्यावरचा असो, पहिला वार साताचा. आधीचे तीन वार कोणीतरी आपल्यासाठी करून ठेवलेले असतात, हे तो विसरला नव्हता. त्याला ते कधी ठाऊकच नसल्यासारखं झालं होतं. माणूस चालताना जमीन आहे हे लक्षात ठेवतो का? नाही. पण जमिनीला पदवी नसते. चाळणबाईंना त्याच्यासारखीच होती, त्याच वर्षीची, आणि गुण त्याच्याहून जास्त. दोघं एकाच महिन्यात कामावर लागले होते. दुसऱ्या खोलीत टेबल एकच रिकामं होतं. ते त्याला मिळालं. का मिळालं, हे त्याने विचारलं नाही. तिनेही विचारलं नाही, निदान त्याच्यासमोर तरी नाही.

आजचं जेवण दशांशने ठरवलं होतं. दशांश हा त्यांचा जुना सहकारी, दर दोन शब्दांनंतर थांबायची सवय असलेला, म्हणून दशांश. पण थांबला तरी बोलणं सोडायचा नाही. कार्यालयातली उरलेली माणसं वर्षातून एकदा जेवायला जमत, आणि दरवर्षी टेबल थोडं लहान लागे. ‘यंदाचं जेवण खास आहे,’ दशांश म्हणाला, ‘आपल्या चाळणबाई. उद्या. दुसऱ्या गावी चालल्यात. म्हणजे हे त्यांचं आपल्यातलं शेवटचं जेवण.’

‘अहो, शेवटचं काय म्हणता? जिवंत आहे मी अजून,’ चाळणबाई म्हणाल्या. ‘वृद्धाश्रमात चाललेय. तिथे जेवायला घालतात म्हणे.’

सगळे हसले. तोही हसला, थोडा उशिरा. मग कोणीतरी विचारलं, तुमचा फोन नंबर तोच राहील का, आणि त्या म्हणाल्या, छे, उद्या सकाळी फोन काढून न्यायला येणार आहेत; तिकडे व्हरांड्यात एकच फोन आहे म्हणे, सगळ्या म्हाताऱ्यांत मिळून. ‘नव्हतंच ना कोणी करत,’ असंही त्या म्हणाल्या, मीठ पुढे सरकवत, कोणाकडेही न बघता. तेव्हा तो उभा राहिला. त्याला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. तीन महिने तो हे मनात घेऊन हिंडत होता. त्याने ती भेट म्हणून दिली. कोणी शाल देतं, कोणी फुलं देतं. त्याने तिला सांगितलं की तुमचा जो नंबर उद्या जाणार आहे तो मूळ संख्या आहे, नऊ आकडी, त्याला कोणी भागू शकत नाही. त्याच्या मनात त्याच्या पुढेही काही होतं, तुमच्यासारखाच, वगैरे. ते त्याने गिळलं, आणि आता बसमध्ये त्याला तेवढ्याचा आधार वाटला, की निदान तेवढं तरी आपण बोललो नाही.

‘हो का?’ चाळणबाई म्हणाल्या. त्यांनी चमचा खाली ठेवला. ‘सगळं भागून पाहिलंत?’

‘सगळं. सातपासून पार अकरा हजारांच्या अलीकडेपर्यंत. तेराशेच्या वर भागाकार.’

‘सातपासून,’ त्या म्हणाल्या.

आणि त्याला ती शाबासकी वाटली! त्याने मान डोलावली होती. हसून डोलावली होती. ‘पुष्कळ कष्ट घेतलेत हो,’ असं म्हणून त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पाणी प्यायल्या. दशांशने टाळ्या सुरू केल्या. ‘वा, अपूर्णांक! आज. पूर्णांक झालात!’ दशांशला कळलं असेल का? दशांश शेपटाकडे बघून मोकळा होणारा माणूस, त्याला कदाचित नाही. पण चाळणबाईंना? ज्या बाईने आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, जिला बसच्या पाटीवरचा, घराच्या दारावरचा, कार्यालयातल्या साहेबांच्या तिरडीमागून चाललेल्या गाडीवरचा आकडा दिसला की मिळवल्याशिवाय राहवत नसे, तिला आपल्याच फोनचा नंबर माहीत नसेल? नंबर हातात पडला त्या क्षणी तिने तो मिळवून टाकला असेल. ती पाणी पीत होती तेव्हा हे सगळं पेल्याच्या आत होतं. तिला त्याची चूक दिसली होती. पण नुसती चूक दिसली असती तरी चाललं असतं. चूक कोणाचीही होते. ही चूक फक्त दुसऱ्या खोलीतल्या माणसाकडूनच होऊ शकत होती. तिच्या नंबराला तिचंच काम लावायला तो विसरला होता, आणि ते भर जेवणात, उभं राहून, तिला भेट म्हणून दिलं होतं.

तो एक थांबा आधीच उतरला. बसमध्ये बसवेना. रस्त्याच्या कडेने चालताना तो आपली सावली टाळायला बघत होता, आणि ती पुढेच पडत होती. तीन महिन्यांपूर्वी साहेबांच्या अंत्यविधीला तिने तो नंबर दिला होता. लोक पांगत होते, ती कठड्याला टेकून चप्पल घालत होती आणि एका पायावर डगमगत होती. हात द्यावा की नाही या विचारात त्याचा हात अर्धाच पुढे झाला आणि तेवढ्यात तिची चप्पल घालून झाली. ‘मी आता भाचीकडे राहते,’ ती म्हणाली. ‘दिवसा घरी कुणी नसतं. नवा फोन घेतलाय. करा कधीतरी. खरंच करा हं, नुसतं हो म्हणू नका. लिहून देऊ?’ तो म्हणाला, नको, लक्षात राहील. राहिला. तेवढं त्याला येतं. दुसऱ्याच दिवशी तो फोनपाशी उभा राहिला होता. पण फोन उचलल्यावर पलीकडे ‘हॅलो’ आलं की काय म्हणायचं? मी अपूर्णांक बोलतोय. बरं, मग? कसं काय, बरं आहे, मग? त्या ‘मग’च्या पुढे त्याला एक मोठं मैदान दिसायचं आणि त्यात एकही झाड नसायचं. बायको होती तेव्हा फोनवर तीच बोलायची. तो मागून ‘नमस्कार सांग’ म्हणायचा आणि तेवढ्यावर चाळीस वर्षं निभली होती. रिसीव्हर हातात धरून तो आकड्याकडे बघत राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आकडा तिनावर संपतो आहे, शेपूट स्वच्छ आहे, ही मूळ संख्या असू शकेल. असली तर सांगायला काहीतरी होईल. ‘मग’ नंतर म्हणायला काहीतरी. त्याने रिसीव्हर खाली ठेवला आणि सात लिहिले.

साताने भागून तीन उरले. अकराने भागून तीन उरले. तेराने सहा. सतराने सहा. एकोणिसाने पंधरा. तेविसाने सहा. चालता चालता हे बाकीचे आकडे त्याला एकापाठोपाठ आठवत गेले, आणि तो एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबला. तीन, तीन, सहा, सहा, पंधरा, सहा. तिनाच्या पाढ्यातून उठून आल्यासारखे. पुढे एकोणतिसापाशी सात उरले तेव्हा कुठे तो पाढा तुटला. असं जुळून आलं की त्याचा काही नियम नसतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण योगायोग म्हणूनही, दारावर कोणी सहा वेळा थाप मारावी आणि घरातल्या माणसाने सहाही वेळा म्हणावं, आज वारा फार आहे, असं ते झालं होतं. नंतरचे सगळे दिवस तो खिडकीशी बसून भागत राहिला. सून म्हणायची, ‘बाबा, एवढं काय चाललंय? डोळे जातील.’ तो म्हणायचा, ‘एक काम आहे.’ आणि ‘काम’ म्हणताना मान किंचित ताठ व्हायची. यंत्राला विचारलं असतं तर यंत्राने एका श्वासात सांगितलं असतं, पण यंत्राने शोधलेलं तिला काय द्यायचं? हाताने केलेलं द्यावं. किती छान वाटत होतं ते. तेराशेच्या वर भागाकार, एकेक तपासून, दोनदा तपासून. आणि त्या सबंध काळात, दिवसा जेव्हा घरी कोणी नसतं, तेव्हा ती बाई एका फोनच्या जवळपास कुठेतरी वावरत होती. हे त्याच्या मनात एकदाही आलं नाही. आलं नाही कसं? आलं होतं. आलं की तो पुढचा भाजक घ्यायचा.

ही खरी लाज होती, आणि ती बेरजेच्या लाजेच्या मागे उभी होती. बेरजेची लाज कानात होती. ही खाली, बरगड्यांत कुठेतरी होती आणि हलत नव्हती. त्याला वाटलं, आपण घरी जाऊ, आडवे होऊ, उद्या सकाळी फोन काढून नेतील, मग करायचाच म्हटलं तरी करता येणार नाही. सुटलो. हा विचार इतका गार आणि सोयीचा होता की तो शिसारी आल्यासारखा त्या पायरीपासून चालू लागला. आयुष्यात आपल्याला जी जी सुटका मिळाली ती अशीच मिळाली, कोणीतरी काहीतरी काढून नेल्यामुळे.

सुनेने दार उघडलं. तिच्या खांद्यावर टॉवेल होता. ‘कसं झालं जेवण?’

‘बरं झालं.’

‘बरं म्हणजे? एवढी इस्त्री करून गेलात. आणि तुमचं ते गुपित? सांगितलंत का?’

‘सांगितलं.’

‘मग?’

या घरातही तेच ‘मग’. तो चपला काढत राहिला. सून त्याच्याकडे बघत होती. ती बँकेत लोकांच्या तक्रारी ऐकायच्या खिडकीवर बसायची. न बोलणाऱ्या माणसाला बोलतं करायची तिला सवय होती, आणि सासऱ्यापुढे ती हरलेली होती. ‘चहा टाकू?’ तिने विचारलं. तो नको म्हणाला, मग हो म्हणाला, मग म्हणाला, ‘थांब. मला एक फोन करायचा आहे.’

‘तुम्हाला?’ ती म्हणाली, आणि तिला एवढं आश्चर्य वाटलं की ते लपवायला ती तशीच स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. नळ मोठा सोडला. ऐकू येऊ नये म्हणून सोडला असणार. लोक त्याच्यासाठी किती गोष्टी करत आले होते, आणि त्याला त्या नळाच्या आवाजासारख्या नुसत्या ऐकू येत होत्या.

एक, एक, नऊ, सात, पाच, शून्य, चार, शून्य, तीन. तीन महिन्यांत प्रथमच तो आकडा त्याने ज्यासाठी होता त्यासाठी वापरला. पलीकडे घंटा वाजायला लागली. वाजता वाजता त्याने ठरवून टाकलं की आता कोणी उचलणार नाही, आणि तेवढ्यात उचलला.

‘हॅलो.’

‘मी...’ तो म्हणाला. ‘मी बोलतोय. तिनाने भाग जातो.’

पलीकडून एक हसू आलं, नाकातल्या नाकात, थकलेलं. ‘घरी पोचलात की वाटेतच कळलं?’

‘बसमध्ये.’

‘मला वाटलं होतं जिन्यातच कळेल.’

‘तुम्हाला कधी...’

‘अहो, फोनवाल्याने नंबर सांगितला तेव्हाच. सवय जाते का? तो बिचारा सही मागतोय आणि मी म्हणतेय, तीस.’

‘मग बोलला का नाहीत? तिथे? सगळ्यांसमोर मी...’

‘सगळ्यांसमोर म्हणूनच नाही बोलले. इतके खुशीत होता तुम्ही. तुम्हाला उभं राहून बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हटलं, जाऊ दे, एक दिवस राहू दे मूळ.’ मग म्हणाल्या, ‘राग आला नाही असं समजू नका. आला. घरी आल्यावर आला. चप्पलसुद्धा काढली नव्हती.’

त्याने भिंतीला हात टेकला. माफ करा असं म्हणायचं होतं, पण तो शब्द त्याला फार गुळगुळीत वाटला, आणि तो शोधत असतानाच त्या म्हणाल्या, ‘भागाकार किती येतो ते पाहिलंत का?’

‘तिनाने? नाही. मला... धीरच झाला नाही.’

‘तीन कोटी नव्व्याण्णव लाख सोळा हजार आठशे एक. त्यातला एक काढा. काय राहतं?’

त्याने काढला. आठशे एकचे आठशे झाले आणि ती संख्या ओळखीच्या माणसाने वळून बघावं तशी एकदम समोर आली. एक गुणिले दोन गुणिले तीन, असं करत अकरापर्यंत सगळे गुणले की हीच येते. ती दोन्ही खोल्यांत सगळ्यांना पाठ असायची. ‘म्हणून,’ तो म्हणाला, ‘म्हणूनच साताला तीन उरले. अकरालाही तीनच...’

‘उरणारच. तो एक उरतो, त्याची तिप्पट. आता ऐका. सातपासून अकरा हजारांपर्यंत तुम्ही एकही सोडला नाहीत ना? शपथेवर?’

‘एकही नाही. दोनदा पाहिले.’

‘मग त्या भागाकाराचंही त्यातच पाहून झालं. मोठ्याला ज्याने भाग गेला नाही, त्याने याला कसा जाईल? राहिले दोन, तीन, पाच. ते मी तेव्हाच बघितले. आकड्यांची बेरीज सदतीस. पुन्हा तिनाने जात नाही. म्हणजे हा खरोखरच मूळ आहे. तो मला एकटीला कळला नसता. तेराशे भागाकार करत बसायला मला कुठे होता धीर?’ त्यांचा आवाज जरा सैल झाला. ‘तेव्हा काम फुकट गेलं असं समजू नका. तीन तेवढे माझे.’

हे त्याला सहन झालं नाही. तिने रागावलेलंच राहायला हवं होतं. रागाखाली माणूस निदान मान खाली घालून उभा राहू शकतो. आता तिने त्याची चूक घेतली, तिला घडी घातली आणि त्यातून दोघांची मिळून एक गोष्ट करून त्याच्या हातात दिली. पुन्हा चाळलेला तक्ता. पुन्हा त्याने फक्त सातपासून सुरुवात करायची. स्वयंपाकघरात नळ अजून वाहत होता. बोलणं इथे संपवता आलं असतं. दोघांनी थोडं हसायचं, प्रवासाला शुभेच्छा द्यायच्या. त्याच्या तोंडात शुभेच्छा आलेल्याही होत्या.

‘एक विचारू?’ त्याच म्हणाल्या. ‘तेराशे वेळा भागलंत. एकदा फोन का नाही केलात?’

‘काय बोलायचं ते सुचत नव्हतं.’

‘आणि मला सुचत होतं असं वाटलं का तुम्हाला?’

त्या तारेत पलीकडच्या घराची शांतता येत होती, दिवसा कोणी नसतं त्या घराची, आणि ती ऐकताना त्याला कळलं की त्याने या बाईला इतक्या वर्षांत एकही प्रश्न विचारलेला नाही. तक्ता झाला का, एवढा सोडून एकही नाही. आजही जेवताना सगळ्यांनी विचारलं होतं, कधी निघणार, सामान किती, खोली कशी आहे. आणि त्याने तेही विचारलं नव्हतं, उभं राहून संख्या सांगितली होती. त्याचे कान पुन्हा तापले. त्याचा आवाज निघाला तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

‘तुम्हाला जायचं आहे का तिकडे?’

उत्तर आलं नाही. इतका वेळ आलं नाही की आपण पुन्हा काहीतरी चुकीचं बोलून बसलो असं त्याच्या मनात पक्कं झालं. त्याने ‘नाही, म्हणजे मला म्हणायचं होतं’ अशी सुरुवात करायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, न बोलणं चांगलं म्हणून नव्हे तर ती बोलेल म्हणून, ते मिटलं.

‘हे कोणी विचारलंच नव्हतं हो,’ चाळणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मग त्या खाकरल्या. ‘थांबा हं. ठेवू नका. उभ्याने नाही सांगता यायचं. खुर्ची ओढून घेते.’

रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. दूर जाणारी पावलं आली, एका पायावर जरा जास्त भार देणारी. मग फरशीवरून लाकूड घासत, मध्ये अडखळत, पुन्हा घासत, जवळ येऊ लागलं.